घरातला छोटा समुद्र आणि बोटावरची गाठ



या वेळी शुगर नाही, बीपी नाही, कोलेस्टेरॉलही नाही. या वेळी माझ्या घरातल्या काचेच्या टाकीबद्दल सांगणार आहे. थोडा धीर धरा, गाडी शेवटी आजाराच्या स्टेशनावर येणारच आहे. डॉक्टरच्या लेखाला दुसरा मार्ग नसतो.

टाकी लावायचं मला पहिल्यांदा सुचवलं ते एका पेशंटने. गोष्ट साधारण चौदा वर्षांपूर्वीची. (ओळख पटू नये म्हणून त्याच्याबद्दलचे काही तपशील बदलले आहेत.) पंचविशीतला मुलगा, परळच्या एका चाळीत राहणारा. लालबागच्या माझ्या दवाखान्यात बाहेरच्या बाकावर तासभर बसून कंटाळला असणार. आत आला आणि म्हणाला, "सर, बाहेर एक फिश टँक लावा ना. लोकांचा वेळ जाईल. मी लावून देतो, माझं रोजचं कामच आहे ते." मी हसून "बघू" म्हटलं आणि त्याचा उजवा हात तपासायला घेतला. त्या हाताबद्दल पुढे सांगतो.

टाकी लागली ती बऱ्याच वर्षांनी, आणि दवाखान्यात नाही, गिरगावातल्या घरी. मुलगी शिकायला पुण्याला गेली, घर एकदम शांत झालं, आणि दुसऱ्यांना मीठ कमी करा म्हणून सांगणाऱ्या माझंच बीपी १५०/९६ निघालं. हृदयरोगतज्ज्ञ मित्राने गोळी लिहून दिली आणि वर म्हणाला, "संध्याकाळी दवाखान्यातून आल्यावर अर्धा तास मोबाइल सोडून दुसरं काहीतरी बघ." मला आठवलं तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते उघडलेलं हे मत्स्यालय आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. लहानपणी पाहुणे आले की राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि तारापोरवाला हा आमचा ठरलेला दौरा. त्या अंधाऱ्या दालनातल्या उजळलेल्या काचा आणि काचेला नाक लावलेला मी. तेव्हापासूनची हौस होती.

तर टाकी. बाजारातली तयार टाकी आमच्या खिडकीशेजारच्या कोपऱ्यात बसेना, म्हणून लालबागच्या एका काचवाल्याकडून ४० सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि तेवढीच उंच अशी करून घेतली. आठ मिलिमीटर जाडीची काच, आणि मागच्या बाजूला एक आडवी काच लावून कप्पा, ज्यात गाळणी, हीटर आणि पंप लपतात. हिशेब सोपा आहे: ४० गुणिले ४० गुणिले ४०, म्हणजे ६४ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ५० लिटर. पाणी ५० किलो, काच १६ किलो, दगड-वाळू चौदा-पंधरा किलो, वर स्टँड. शंभर किलोच्या पुढे गेलं.

हे वजन जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी जरा मनावर घ्यावं. आमची इमारत सागवानी तुळयांवर उभी आहे. ज्या कोपऱ्यात टाकी ठेवायची तिथे शंभर किलोचा पैलवान दिवसरात्र उभा राहणार आहे असं समजा, तोही अंगाने ओला. एका इंजिनियर पेशंटला घरी बोलावलं. त्याने तुळया कोणत्या दिशेने जातात ते बघितलं, टाकी भारवाहक भिंतीला चिकटवून आणि दोन-तीन तुळयांवर वजन वाटलं जाईल अशी ठेवायला सांगितली. "काका, याच्या दुप्पट टाकी असती तर नको म्हटलं असतं," हेही ऐकवलं. काचेच्या सांध्यांमधलं सिलिकॉन नीट वाळू दिल्यावर साध्या पाण्याने टाकी भरून दोन दिवस गॅलरीत ठेवली. गळली नाही. मग आत घेतली.

आता तुम्ही म्हणाल, जो प्रश्न मला शेजाऱ्यांपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारला: "डॉक्टर, चौपाटी समोर असताना मीठ विकत कशाला आणता? दोन बादल्या भरून आणा की!"

नाही आणायच्या. किनाऱ्याजवळच्या पाण्यात गाळ असतो, सांडपाणी असतं, आणि पावसाळ्यात गोडं पाणी मिसळून खारटपणा बदलत राहतो. त्यातही जीव राहतात हं. हाजी अली आणि वरळीच्या खडकांवर प्रवाळ आहेत हे बऱ्याच मुंबईकरांना कोस्टल रोडच्या निमित्ताने पहिल्यांदा कळलं. २०२० साली त्या कामाच्या आड येणाऱ्या १८ प्रवाळ वसाहती राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेच्या मार्गदर्शनाखाली उचलून दुसरीकडे हलवल्या होत्या. पण ते प्रवाळ त्या गढूळ पाण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेले आहेत. दुकानातून आणलेला जीव त्यात टिकणार नाही.

घरातलं मीठही चालत नाही. ते फक्त सोडियम क्लोराइड, वर आयोडीन. समुद्राच्या पाण्यात एका लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, आणि त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, बायकार्बोनेट असं सगळं ठराविक प्रमाणात असतं. मत्स्यालयासाठी तसं तयार मिश्रण मिळतं. ५० लिटरला पावणेदोन किलो लागलं. पाणी आरओचं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. तो आपल्याला कॉलऱ्यापासून वाचवतो, पण टाकीतल्या माशांना आणि उपयोगी जिवाणूंना मारतो.

या ३५ ग्रॅमवर थोडं थांबतो, कारण हे ऐकून पेशंट चकित होतात. आम्ही शिरेतून जे सलाइन लावतो त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं, कारण रक्ताचा खारटपणा साधारण तेवढा. समुद्र त्याच्या जवळपास चौपट खारट. तहानेने व्याकूळ झालेला खलाशी समुद्राचं पाणी प्यायला तर तहान वाढते, कारण माणसाची किडनी एवढं मीठ एवढ्याशा पाण्यात बाहेर टाकू शकत नाही. ते मीठ घालवायला अंगातलं उरलंसुरलं पाणी खर्ची पडतं. मासा मात्र तेच पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकतो. म्हणजे त्याच्या कल्ल्यांना किडनीचं अर्धं काम लावलेलं आहे.

पाणी भरलं, पंप सुरू झाला, दगड रचले. आता मासे? अजिबात नाही. इथे बहुतेक जण घाई करतात आणि आठवड्यात मासे मारतात. मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो, उरलेलं खाणं कुजून अमोनिया होतो, आणि अमोनिया विष आहे. दगडांवर आणि वाळूत जिवाणूंची एक फळी हळूहळू तयार व्हावी लागते. पहिली टोळी अमोनियाचं नायट्राइट करते (तेही विषारीच), दुसरी टोळी नायट्राइटचं नायट्रेट करते. नायट्रेट मासे बऱ्यापैकी सहन करतात आणि ते आपण पाणी बदलून काढतो. ही फळी उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रोज चिमूटभर खाणं टाकायचं, टेस्ट किटमध्ये रंग बघायचा आणि वाट पाहायची. माझी बायको म्हणायची, "अहो, रोज रिकाम्या पाण्यात काय बघत बसता?"

मी लिव्हर बघत होतो. तुमच्या-आमच्या पोटात प्रथिनं पचताना अमोनिया तयार होतोच. लिव्हर त्याचा युरिया करतं आणि किडनी तो लघवीतून बाहेर टाकते. दारूने किंवा हिपॅटायटिसने लिव्हर जायबंदी झालं की हा अमोनिया रक्तात साठतो आणि मेंदूवर जातो. असा पेशंट आधी दिवसा झोपतो आणि रात्री जागतो, मग वेड्यासारखं बोलतो. घरचे म्हणतात, "डोक्याला काहीतरी झालंय." मूळ पोटात असतं. पस्तीसाव्या दिवशी माझ्या टाकीत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आले, तेव्हा मला पेशंटचे रिपोर्ट नॉर्मल आल्यासारखा आनंद झाला. बायकोला सांगितलं. तिने "बरं" म्हटलं.

मग प्रवाळ. एका दुकानात मला आतल्या खोलीत नेऊन हळूच विचारलं गेलं, "ओरिजिनल समुद्रातला रॉक आणि कोरल पाहिजे का?" वाचकहो, हे घेऊ नका. वन्यजीव संरक्षण कायद्यात खडक बांधणारे सगळे टणक प्रवाळ पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. काळे प्रवाळ आणि समुद्रपंखेही तिथेच. आपल्या मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत, तिथून तुकडा तोडून आणणं हा गुन्हा आहे. मी मातीचे भाजलेले कृत्रिम दगड घेतले आणि त्यांवर मश्रूम नावाचे मऊ जीव लावले, रीतसर बिल घेऊन. मासे दोनच, क्लाउनफिशची जोडी, हॅचरीत जन्मलेली. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने या माशांची पैदास करण्याचं तंत्र आपल्याकडे कधीच बसवलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेले घ्यायची गरजच नाही. जोडीतली मोठी ती मादी. सगळी पिल्लं नर म्हणून वाढतात, आणि मादी मेली तर उरलेला नर मादी होतो. हे मी घरी सांगितलं तेव्हा मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, हे आजीला सांगू नका."

प्रवाळावरून आठवलं. बोटात पोवळं घातलेले पेशंट मला रोज भेटतात आणि हाडांसाठी प्रवाळभस्म घेणारेही. पोवळं काय, भस्म काय, दोन्हींत मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. जे औषध घेत असाल ते डॉक्टरांना सांगा म्हणजे झालं. किडनी स्टोन असलेल्यांनी तर नक्कीच.

पहिला मे महिना आला आणि मी पाण्यात गेलो. टाकी २५-२६ अंशांवर हवी, खोलीच ३३. पाणी ३१ वर गेलं आणि मश्रूम सुकलेल्या खजुरासारखे आक्रसले. चिलरची किंमत ऐकून मी दुकानातून बाहेर आलो. टाकीवर छोटा पंखा बसवला. बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरलं, घाम वाळताना आपल्याला गार वाटतं तसंच. पण आता रोज लिटरभर पाणी उडू लागलं. उडतं ते फक्त पाणी, मीठ टाकीतच राहतं. म्हणून भर घालायची ती साध्या आरओ पाण्याची. एका रविवारी घाईत मी बदलीसाठी कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याने भर घातली, आणि तीन दिवस तसंच करत राहिलो, कारण दोन्ही कॅन सारखेच दिसत होते. चौथ्या दिवशी मासे तळाशी बसून धापा टाकत होते.

मोठ्या मत्स्यालयात तीन लिटरचा फरक कुणाला कळलाही नसता. टाकी जितकी लहान तितकी चूक मोठी. हेच तान्ह्या बाळाचं आहे, आणि इथे मला तुमच्याकडून एक गोष्ट पक्की हवी आहे. जुलाब झालेल्या मुलाला ओआरएसचं मोठं पाकीट पेलाभर पाण्यात कालवून पाजणारे आईबाप मी दरवर्षी बघतो. "जास्त ताकद मिळेल" म्हणून. ते पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. पेलाभर पाण्यात कालवलं तर मुलाच्या रक्तात मीठ धोकादायक वाढतं, झटके येऊ शकतात. छोटी पाकिटंही मिळतात, ती २०० मिलिलिटरची. पाकिटावर वाचा, मोजून पाणी घ्या. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. मोठ्या माणसाचं शरीर अशा चुका काही प्रमाणात पोटात घालतं. दहा किलोचं मूल नाही.

विजेबद्दल थोडक्यात. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक आहे. टाकीचं सगळं तीन पिनांच्या प्लगवर आणि ३० मिलिअँपिअरला तुटणाऱ्या सेफ्टी स्विचवर हवं. वायर बोर्डाच्या खाली लोंबून मग वर जायला हवी, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगमध्ये न जाता खालीच गळेल. हात घालण्याआधी हीटर बंद. आणि झोअँथिड नावाचे सुंदर रंगीत जीव कुणी भेट दिले तर ते लावलेला दगड कधीही उकळू नका, ब्रशने घासू नका. त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबरदस्त विष असतं आणि वाफेतून ते अख्ख्या कुटुंबाला आजारी पाडू शकतं. ही कथा नाही, वैद्यकीय नियतकालिकांत असे पेशंट नोंदलेले आहेत.

आता माझ्या हाताकडे येतो.

दुसऱ्या वर्षी श्रावणात दगड हलवताना उजव्या हाताच्या तर्जनीला खरचटलं. वाहत्या पाण्याखाली धुतलं आणि विसरलो. तीन आठवड्यांनी पेराच्या मागे वाटाण्याएवढी लालसर गाठ आली. दुखत नव्हती. मी काय केलं असेल? जे तुम्ही केलंत तर मी तुम्हाला ओरडेन तेच. दवाखान्यातल्या कपाटातून अँटिबायोटिक काढलं आणि सात दिवस घेतलं. काही फरक नाही. दुसरं घेतलं. गाठीला वर खपली आली, आणि मनगटाच्या वर दुसरी गाठ उमटली, मग कोपराच्या अलीकडे तिसरी. एका ओळीत, माळेसारख्या. दीड महिना मी लांब बाह्यांचे शर्ट घालून पेशंट तपासत होतो. शेवटी बायकोने वेळ घेऊन मला दादरला माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीकडे नेलं. ती त्वचारोगतज्ज्ञ. तिने हात उलटसुलट करून पाहिला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मासे पाळलेस की काय रे घरी?"

मायकोबॅक्टेरियम मॅरिनम. टीबीच्या जंतूचा भाऊबंद. तो गोड्या आणि खाऱ्या दोन्ही पाण्यात, माशांच्या अंगावर, टाकीच्या काचेवर असू शकतो आणि जखमेतून कातडीत शिरतो. त्याला तीसेक अंशांचं गार वातावरण मानवतं, म्हणून तो सहसा आत फुप्फुसात न जाता हातापायांच्या गार कातडीतच वाढतो, आणि लसिकावाहिन्यांच्या वाटेने वर सरकतो. एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. तुकडा काढून तपासला तर सूक्ष्मदर्शकाखाली 'ग्रॅन्युलोमा' दिसतो, आणि आपल्या देशात ग्रॅन्युलोमा म्हटलं की डॉक्टरच्या तोंडात पहिला शब्द येतो टीबी. माझ्या मैत्रिणीने तुकडा कल्चरला पाठवताना चिठ्ठीत मुद्दाम लिहिलं की कमी तापमानावरही वाढवून पाहा. नेहमीच्या ३७ अंशांवर हा जंतू नीट वाढत नाही आणि रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. टीबीची जनुकीय तपासणी निगेटिव्ह आली. तिसऱ्या आठवड्यात कल्चरमध्ये मॅरिनम उगवला.

दोन औषधं चार महिने घेतली, क्लॅरिथ्रोमायसिन आणि इथॅम्ब्युटॉल. पहिल्याने तोंडाला सतत कडू चव. दुसऱ्याने क्वचित डोळ्याच्या नसेला इजा होते आणि लाल-हिरवा रंग ओळखण्यात गडबड होते, म्हणून डोळे तपासून घेतले. शिवाय रोज सकाळी टाकीसमोर उभा राहून हिरवा मश्रूम हिरवा दिसतोय ना, हे बघायचो. गाठी गेल्या. बोटावर बारीक डाग आहे.

मैत्रिणीच्या दवाखान्यातून निघाल्यावर टॅक्सीत बायको काहीतरी बोलत होती आणि मला तो परळचा मुलगा आठवत होता. उजवा हात. बोटावर एक, मनगटावर एक, पुढे दोन. माळेसारख्या. मी तुकडा काढायला पाठवलं होतं, रिपोर्टमध्ये ग्रॅन्युलोमा आला, आणि मी त्याला टीबीची चार औषधं सुरू केली. सहा महिन्यांत गाठी बऱ्या झाल्या आणि माझं निदान बरोबर ठरलं असं आम्ही दोघांनीही धरलं. आता कळतं की त्या चारांतली रिफाम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल मॅरिनमवरही चालतात. म्हणजे बहुधा चुकलेल्या निदानाला अर्धं बरोबर औषध मिळालं आणि चूक झाकली गेली. बाकीची दोन औषधं त्याने बहुधा फुकट पोटात घेतली.

औषधांचं एक वेळ सोडा. त्याचं लग्न ठरलेलं होतं. मुलगी कोकणातली. तो मला म्हणाला होता, "सर, हाताला झालाय, छातीला नाही, एवढं तिच्या घरच्यांना सांगा ना." मी फोन केला होता. हा टीबी एकाचा दुसऱ्याला होत नाही, पूर्ण बरा होतो, सगळं सांगितलं. पलीकडून तिचे वडील "हो डॉक्टर, हो डॉक्टर" म्हणत राहिले. आमच्या गिरणगावात टीबी म्हटलं की जुन्या माणसांना अजून शिवडीचं हॉस्पिटल आठवतं आणि तिथून परत न आलेले आठवतात. लग्न मोडलं. शेवटच्या व्हिजिटला तो आला तेव्हा "हात छान झाला सर" म्हणून पाया पडला.

"माझं रोजचं कामच आहे ते." हे त्याने मला पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मी न विचारता.

म्हणून तुमच्याकडे मागणं आहे. टाकी असेल तर कोपरापर्यंतचे हातमोजे घाला. हाताला जखम असेल तर पाण्यात हात घालू नका, आणि नंतर साबणाने धुवा. नळीने पाणी काढताना तोंडाने ओढू नका. टाकीचं सामान स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नका. केमोथेरपी, स्टेरॉइड किंवा प्रत्यारोपणानंतरची औषधं चालू असतील, तर टाकीची सफाई दुसऱ्या कुणाला करू द्या. हातापायावरची गाठ किंवा फोड तीन आठवड्यांत गेला नाही तर दाखवा, आणि दाखवताना आपला हात दिवसभर कशात असतो ते सांगा: मासे, माती, गुलाबाची कुंडी, मटणाचं दुकान. कोळीणमावशींना माशाचा काटा लागून बोट दोन-चार दिवसांत जांभळट लाल होऊन आग होते, तो वेगळा जंतू, त्याचं औषध वेगळं. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा. गर्दीत आम्ही विचारायचं विसरतो. आणि हे वाचून कुणी चालू असलेली टीबीची औषधं मनाने बंद करू नका. घरात मासे आहेत म्हणून प्रत्येक गाठ मॅरिनम होत नाही, आपल्याकडे खरा टीबी भरपूर आहे. शंका असेल तर तुमच्या डॉक्टरांना विचारा, तपासून घ्या.

टाकी अजून आहे. बीपी १३०/८० च्या आसपास असतं, पण त्याचं श्रेय गोळीचं की माशांचं हे मी सांगू शकत नाही. दोन्ही कॅनवर आता मोठ्या अक्षरांत 'खारं' आणि 'साधं' लिहिलंय, बायकोच्या हस्ताक्षरात.

गेल्या महिन्यात मी दवाखान्याच्या माळ्यावरून जुने केसपेपर काढले. त्याचा सापडला. त्यावरचा फोन नंबर आता लागत नाही, आणि ती चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहतोय. नाव, वय, पत्ता, तक्रार, सगळं माझ्या अक्षरात नीट लिहिलेलं आहे. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द: नोकरी. कसली, ते नाही.

तू हे वाचत असशील तर ये. फी नाही. पुण्यात, कोकणात कुठे असशील तर फोन कर. तुझा केसपेपर मी फाइलमधून काढून टेबलाच्या खणात ठेवला आहे. जुनं काही खोडलं नाही. खाली 'माशांच्या टाक्या साफ करण्याचं काम, निदानाचा फेरविचार आवश्यक' असं लिहून आजची तारीख घातली आहे आणि सही केली आहे.